पायाखालचा ‘टक्’: ईव्हीच्या बॅटरीचे बोल्ट पुन्हा पुन्हा सैल का होतात

गाडी स्पीडब्रेकरवरून उतरते आणि पायाखाली, सीटच्या थोडं पुढे, एकच ‘टक्’ होतो. चाकाकडून येत नाही, डॅशबोर्डमधून येत नाही. पुढे उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, रीजनने (पाय काढला की मोटरच ब्रेकसारखी गाडी धरते, त्याने) गाडी मागे ओढल्यासारखी झाली, की पुन्हा ‘टक्’. गॅरेजला नेली, कुणीतरी खालून पाना लावला, आवाज गेला. महिन्या-दीड महिन्याने तोच आवाज हजर.

तुमच्या इलेक्ट्रिक गाडीचं असं होत असेल तर बॅटरी पॅक ज्या बोल्टांवर चॅसीला टांगलेला असतो, त्यातला एखादा जोड सैल आहे असा संशय घ्यायला हरकत नाही. आणि तो पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर नुसतं आवळून घेऊ नका. सैल बोल्ट हे लक्षण आहे. दुखणं त्याच्या वर, पॅकचा कान (ज्यातून बोल्ट जातो तो कडेला आलेला भाग) आणि चॅसी जिथे एकमेकांना टेकतात तिथे असतं, आणि ते खालून दिसत नाही.

मी कुडाळला गॅरेज चालवतो. सस्पेन्शन आणि अलाइनमेंट हे माझं मूळ काम, त्यामुळे गाडीखालचे आवाज ऐकण्यातच माझी वर्षं गेली. गेल्या काही वर्षांत ईव्ही येऊ लागल्या आणि हा नवा आवाज ओळखायला मला वेळ लागला. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आवाज कशाचा ते ठरवा

दहापैकी निम्म्याहून जास्त गाड्यांत बॅटरीचा काही संबंध नसतो. म्हणून घाबरण्याआधी सोप्या गोष्टी बघा.

पहिली खालची प्लास्टिकची प्लेट. बॅटरीखाली किंवा तिच्या पुढे-मागे प्लास्टिकची आवरणं क्लिपांवर बसवलेली असतात. एखादी क्लिप गेली की प्लेट लोंबते आणि खड्ड्यात आपटते. हा आवाज पोकळ असतो, ‘फट्’ असा, आणि वेग वाढला की फडफडही ऐकू येते. कधी प्लेटच्या आत खडी अडकते. जांभ्याच्या रस्त्यावरून रोज येणाऱ्या गाडीतून मी मूठभर खडे काढले आहेत. वळणावर ते सरकत जातात, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

दुसरं सस्पेन्शन. स्टॅबिलायझर लिंक किंवा लोअर आर्मचा बुश गेला असेल तर आवाज एका चाकाकडून येतो आणि बारीक खड्ड्यांत सलग ‘खडखड’ होतो. ईव्ही वजनाला जड, त्यामुळे बुश पेट्रोल गाडीपेक्षा लवकर जातात, हेही लक्षात असू द्या.

बॅटरीच्या जोडाचा आवाज या दोन्हींहून वेगळा. तो जड असतो आणि एकदाच होतो. पायाच्या तळव्याला जाणवतो, कधी कधी कानाआधी पायालाच कळतो. सर्वांत भरवशाची चाचणी ही: सपाट, मोकळ्या रस्त्यावर, खड्डा नाही असं बघून, 30 च्या वेगाला गाडी न्या, रीजन जास्तीत जास्त ठेवा आणि ॲक्सिलरेटर सोडा. मग पुन्हा दाबा. रस्ता सपाट असताना प्रत्येक वेळी ओढीची दिशा बदलली की ‘टक्’ होत असेल, तर एखादी जड वस्तू पुढे-मागे सरकते आहे. मोटरच्या माउंटचा रबर फाटला तरी असं होतं, पण तो आवाज पुढून, बॉनेटखालून येतो. आवाज सीटखालून येत असेल तर बॅटरीकडे बघायला हवं.

ती वस्तू किती जड ते सांगतो. 30 ते 40 किलोवॉट-तासांचा पॅक साधारण अडीचशे ते साडेतीनशे किलोचा असतो. तेवढं वजन गाडीच्या पोटाला खालून बोल्टांनी धरलेलं आहे. खड्ड्यात तिप्पट धक्का बसला असं धरलं, तर तीनशे किलोचा पॅक त्या क्षणी नऊशे किलोसारखा ओढतो. म्हणून एक-दोन मिलिमीटरची ढिलाईसुद्धा लहान म्हणून सोडून देऊ नये.

तीनदा आलेली गाडी

आमच्या भागातल्या एका शाळेच्या बाईंची गाडी. रोजचा येण्याजाण्याचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, त्यात शेवटचा तुकडा कच्चा. गणपतीनंतर त्या पहिल्यांदा आल्या. आवाज मी वर सांगितला तसाच. मी गाडी लिफ्टवर घेतली, डाव्या बाजूचा मधला एक बोल्ट हाताला थोडा फिरला. पाना लावून आवळला. आवाज बंद झाला, बाई खूश, मीही खूश.

दिवाळीत परत आल्या. तोच बोल्ट. मी काढला, पुसला, आट्याला लॉकिंगचं औषध लावलं आणि पुन्हा आवळला.

डिसेंबरात गाडी दारात उभी केल्या केल्या बाई म्हणाल्या, “दादा, परत आवाज येता.” तेव्हा मात्र मी पाना हातात घेतला नाही. दोनदा केलेलं काम दोन्ही वेळा सुटलं म्हणजे चुकत मी होतो. बॅटरीचा बोल्ट असा बाहेर सोडायला आणि लावायला नको होता, ही माझी पहिली चूक. आणि तो सैल का झाला हे विचारलं नाही, ही त्याहून मोठी.

टॉर्च घेऊन खाली झोपलो आणि नुसतं बघत राहिलो. बोल्टच्या डोक्याभोवती, वायसरच्या कडेला, तांबूस भुकटीचं एक वर्तुळ होतं. आमच्याकडे सगळंच लाल असतं, जांभ्याची माती गाडीच्या पोटावर सगळीकडे उडते, म्हणून आधी दोन्ही वेळा ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. पण माती सगळीकडे सारखी बसते. ही भुकटी फक्त त्या एका बोल्टभोवती होती, बाहेरच्या दिशेने बारीक रेघा काढत गेलेली, बोटाला लावली तर कणी नाही, कुंकवासारखी मऊ. लोखंड लोखंडावर घासून निघालेला तो गंज होता. जोड आतून हलत होता आणि स्वतःलाच दळत होता.

भुकटीच्या वर, पॅकच्या कडेला, तळाच्या पत्र्यावर रुपयापेक्षा थोडा मोठा, गोल, चपटा ठसा होता. रंग उडालेला. जॅकच्या डोक्याचा. बाईंना विचारलं तर आठवलं, पावसाळ्यात रात्री पंक्चर झालं होतं आणि रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने गाडी उचलली होती. त्या बिचाऱ्याने पेट्रोल गाडीला लावतो तसाच जॅक आत सरकवून लावला होता. खाली चॅसी नसून बॅटरी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी वॉरंटीत होती आणि पॅक उतरवायची सोय माझ्याकडे नाही. म्हणून फोटो काढले, विमा कंपनीला आधी कळवलं, आणि गाडी फ्लॅटबेडवर चढवून फोंडा घाटाने कोल्हापूरला कंपनीच्या वर्कशॉपला नेली. मी सोबत गेलो. मला बघायचं होतं.

पॅक खाली आला तेव्हा सगळं उघड झालं. जॅकमुळे त्या बोल्टाचा कान जेमतेम चार-पाच मिलिमीटर वर वाकला होता. त्यामुळे कान चॅसीला सपाट टेकत नव्हता, फक्त एका कडेवर टेकत होता. मी पाना लावला की वाकलेला पत्रा स्प्रिंगसारखा दाबला जाई, पान्याला ताकद लागे, बोल्ट घट्ट वाटे. गाडी हजारभर किलोमीटर चालली की ती कड थोडी झिजे, मधला रंग चुरडे, आणि ताण उतरे. भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. आणि कान व चॅसीच्या मधल्या फटीत जांभ्याचे तीन बारीक खडे पत्र्यात रुतून बसले होते. मी दोनदा बोल्ट आवळला तो त्या खड्यांवर.

बोल्ट नेमकं काय करतो

हे समजल्याशिवाय पुढचं पटणार नाही, म्हणून थोडं थांबतो.

बोल्ट हा खिळ्यासारखा आडवा अडकून वजन धरत नाही. आवळताना तो रबराच्या फितीसारखा किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. पॅक जागेवर राहतो तो त्या दाबामुळे पत्र्यांमध्ये तयार झालेल्या घर्षणाने. दाब पुरेसा असेपर्यंत पत्रे सरकत नाहीत आणि बोल्टला आडवा धक्का बसतच नाही. दाब कमी झाला की पत्रे केसभर सरकू लागतात. मग धक्के थेट बोल्टच्या दांड्यावर आणि भोकाच्या कडेवर येतात. भोक लांबट होतं, आणि बोल्ट स्वतःहून उलटा फिरू लागतो.

गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं होतं. बोल्टच्या अक्षाला आडवी हालचाल झाली की चांगला आवळलेला बोल्टही थोड्याच वेळात सुटतो. आपण पिढ्यानपिढ्या भरवशाने टाकत आलो ती फुटकी स्प्रिंग वायसर अशा हालचालीपुढे जवळजवळ निरुपयोगी ठरते. म्हणून ‘डबल वायसर टाका’ हा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. हालचाल थांबवायची असेल तर पत्रे सपाट, स्वच्छ आणि पूर्ण टेकलेले हवेत.

मी लावलेल्या लॉकिंगच्या औषधाने तर उलटच झालं. नवीन बोल्टच्या आट्यावर कंपनीने आधीच ठरावीक लेप दिलेला असतो आणि टॉर्कचा, म्हणजे पाना किती जोराने फिरवायचा त्याचा, आकडा त्या लेपासह काढलेला असतो. वर आणखी औषध, तेल किंवा ग्रीस लावलं की आट्यातलं घर्षण बदलतं. तेलकट आट्यावर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, पार पीळ उतरेपर्यंत. ठरवलेल्या टॉर्कला पाना ‘कट्’ म्हणाला म्हणजे काम बरोबर झालं असं होत नाही.

जोड कशाने बिघडतो

जॅक हे सर्वांत मोठं कारण, माझ्या अनुभवात तरी. त्याखालोखाल लिफ्टचे हात. दोन खांबांच्या लिफ्टचे रबरी पॅड गाडीच्या कडेच्या मजबूत केलेल्या खुणांवर बसायला हवेत. पॅड तळहातभर आत गेला तर तो पॅकच्या कडेवर येतो आणि सगळ्या गाडीचं वजन बॅटरीच्या कानांवर पडतं. धुलाई केंद्रात, टायरच्या दुकानात, अलाइनमेंटला, जिथे जिथे गाडी उचलली जाते तिथे हे होऊ शकतं. माझ्याकडेही आधी पॅडवर घालायचे जाड रबरी ठोकळे नव्हते. आता आहेत.

मग स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. एवढ्या रुंदीवर गाडी अलगद चढते, अलगद उतरते. आपल्या गल्लीत लोक एका रात्रीत जो घालतात तो हातभर रुंद आणि पाटाएवढा उंच असतो. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची, आणि मधलं पोट बरोबर त्याच्या माथ्यावर. तिथेच बॅटरी आहे. ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बऱ्याचदा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि गणपतीला निघालेलं सामान भरलं की तो बराच कमी होतो.

घासणं आणि आदळणं यात फरक करा. पुढून मागे गेलेले लांब ओरखडे म्हणजे बहुधा घासलं. एका जागी खोल खड्डा आणि कडा मुडपलेली असेल तर आदळलं, आणि तेव्हा फक्त बोल्टांची गोष्ट राहत नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या केंट इथे टेस्लाची मॉडेल एस रस्त्यावर पडलेल्या धातूच्या तुकड्यावरून गेली. तो तुकडा खालून पॅकमध्ये घुसला आणि आग लागली. चालक सुखरूप बाहेर आला. त्यानंतर मार्च 2014 मध्ये कंपनीने पॅकपुढे टायटॅनियमची प्लेट आणि ॲल्युमिनियमचे अडथळे बसवायला सुरुवात केली. जाड पत्रा असतानाही हे घडलं, एवढंच मला त्यातून सांगायचं आहे.

किनारपट्टीवर खारी हवा. बऱ्याच पॅकांचं आवरण ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचे. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टच्या कडेला पांढरी, फुगलेली पावडर दिसली तर ती हीच. यावर लोक हमखास एक चूक करतात: गंजणार नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेसचा बोल्ट आणतात. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमची जोडी खाऱ्या हवेत आणखी वाईट, आणि ताकदही कमी. दुकानात मिळणारा ए2-70 बोल्ट 700 मेगापास्कलचा असतो. बोल्टच्या डोक्यावर 10.9 कोरलेलं असेल तर तो 1,000 चा. तीनशे किलोचा पॅक टांगायला हा फरक लहान नाही.

हवेची इम्पॅक्ट गन. तिच्याबद्दल एवढंच: बॅटरीच्या बोल्टला ती लावणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. आटे तिरके चढतात आणि चॅसीच्या आतला वेल्ड केलेला नट सुटून गरागरा फिरू लागतो.

गाडी तिथेच थांबवायची कधी

डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा (बॅटरीची वीज गाडीच्या बॉडीत उतरत असल्याचा) किंवा हाय व्होल्टेजचा इशारा आला, पॅकच्या कडेने रंगीत कूलंट ठिबकताना दिसलं, गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, खालून सुसकारा किंवा उकळल्यासारखा आवाज आला, किंवा मोठा आदळा बसून पत्रा मुडपला असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. चार्जिंगला तर मुळीच लावू नका. घरापासून, गोठ्यापासून, इतर गाड्यांपासून दूर मोकळ्यावर उभी करा, सगळ्यांना उतरवा आणि फ्लॅटबेड मागवा. चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेऊ नये, कारण चाकांबरोबर मोटर फिरते.

सैल जोडामुळे इन्सुलेशनचा इशारा येऊ शकतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पॅक हलला की त्याला जोडलेल्या केशरी केबलच्या टोकांवर आणि कूलंटच्या नळ्यांवर ताण येतो. पॅक आणि चॅसी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टीही सैल होते किंवा गंजते. म्हणून ‘टक्’ आणि इशारा दोन्ही असतील तर ती एकच तक्रार समजा.

दुरुस्ती कशी व्हायला हवी

ही कामं मालकाने करायची नाहीत, आणि प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिकनेही नाहीत. पॅकमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतात. लिहितोय ते यासाठी की वर्कशॉपमध्ये उभं राहून काय विचारायचं ते तुम्हाला कळावं. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांच्या पॅकला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. बाहेर बोल्ट सोडलात तर तीच पणाला लागते.

सुरुवात गाडीची वीज पूर्ण तोडण्यापासून. किल्ली लांब ठेवायची, बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, सर्व्हिस प्लग (पॅकचा वीजप्रवाह तोडणारा खटका) काढून तंत्रज्ञाने स्वतःच्या खिशात ठेवायचा, मॅन्युअलमध्ये दिली असतील तेवढी मिनिटं थांबायचं, मग 1,000 व्होल्टपर्यंत चालणारे हातमोजे घालून मीटरने शून्य आहे का ते तपासायचं. कोल्हापूरच्या त्या तंत्रज्ञाने मीटर आधी चालू बॅटरीवर लावून बघितला, मग गाडीवर, मग पुन्हा बॅटरीवर. मीटरच बिघडलेला असेल तर शून्य दाखवेल, म्हणून. तिथेच मला विश्वास वाटला.

पॅक उतरवायच्या आधी त्याखाली टेबल येतं आणि गाडी लिफ्टला पट्ट्यांनी बांधली जाते. मधलं तीनशे किलो वजन निघालं की गाडीचा तोल बदलतो. पट्टे न बांधता पॅक सोडताना दिसला तर थांबवा, भीडभाड ठेवू नका.

पॅक खाली आल्यावर चार गोष्टी बघून घ्या. कान सपाट आहे का, तो पट्टी ठेवून दाखवायला सांगा. भोक गोल आहे का. चॅसीतला नट जागचा हलतो का. आणि तळाच्या पत्र्याचा खड्डा किती खोल आहे. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये खड्ड्याची मर्यादा असते, तिच्या आत असेल तरच पॅक तसाच परत बसवता येतो.

वाकलेला कान हातोडीने सरळ करू देऊ नका. वाकवून सरळ केलेलं ॲल्युमिनियम त्या रेषेवर तडकतं. कान वेगळा बसवलेला असेल तर नवीन घालतात, आवरणाचाच भाग असेल तर आवरण बदलावं लागतं. आटे खराब असतील तर टॅप फिरवून फक्त साफ करायचे, नवीन आटे पाडायचे नाहीत. अगदीच गेले असतील तर आट्याची स्प्रिंग, म्हणजे हेलिकॉइल, बसवता येते, पण कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत त्या जागी परवानगी असेल तरच. नट सुटला असेल तर चॅसीला वेल्डिंग लागतं, आणि पॅक गाडीत असताना वेल्डिंगची ठिणगीसुद्धा पडता कामा नये.

टेकणाऱ्या दोन्ही जागा कोरड्या कापडाने पुसून, बोट फिरवून, खडा नाही याची खात्री करून मगच पॅक वर जातो. बोल्ट सगळे नवीन. बऱ्याच गाड्यांत ते एकदाच वापरायचे असतात: आधी ठरावीक टॉर्क, मग ठरावीक अंश फिरवणं. असा बोल्ट आवळताना कायमचा ताणला जातो, दुसऱ्यांदा तेवढा दाब देत नाही. मी बाईंच्या गाडीचा तोच बोल्ट दोनदा पुन्हा वापरला होता. आधी सगळे बोल्ट हाताने लावायचे, मग पुस्तिकेतल्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळायचे. कडेने एकेक पूर्ण आवळत गेलं तर पॅक तिरका बसतो.

शेवटी इन्सुलेशनची चाचणी. डीसी बाजूला व्होल्टमागे किमान 100 ओहम आणि एसी बाजूशी जोडलेलं असेल तर 500 ओहम हा नियम आहे. म्हणजे 500 धरले तर 400 व्होल्टच्या गाडीला 2 लाख ओहमच्या वर आकडा यायला हवा. निरोगी गाडीत तो याच्या कितीतरी पट येतो. तो आकडा बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी तुलना करता येते. पॅक उघडला असेल तर हवेची गळती चाचणीही झालेली असली पाहिजे. आयपी67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं तग धरणं, पण ती हमी नव्या, न वाकलेल्या सीलची. मुडपलेल्या कडेचा पॅक घेऊन जुलैत पुलावरच्या पाण्यात गाडी घालू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत रंगाच्या मार्करने एक सरळ रेघ मारून घ्या. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. कुठलाही पाना न लावता, गाडी लिफ्टवर असताना टॉर्च मारून मिनिटभरात कळतं. ‘जरा चेक करतो’ म्हणून ताणलेल्या बोल्टवर टॉर्क पाना लावणाऱ्याला नाही म्हणा. ती तपासणी राहत नाही, तो बोल्ट आणखी ताणणं होतं.

गाडीच्या कडेला जॅकच्या चारही खुणा कुठे आहेत ते आजच शोधा. तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. पंक्चर झालं तर स्वतः खाली वाकून बोट दाखवा. बाईंनी आता दाराच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे, मोठ्या अक्षरात: ‘जॅक फक्त पांढऱ्या ठिपक्याखाली. मध्ये बॅटरी आहे.’ पंक्चरवाल्यांना हे वाचून राग येत नाही, उलट ते विचारतात की अजून कुठल्या गाड्यांना असं असतं. त्यांना सांगितलं पाहिजे, त्यांच्याकडेच गाड्या आधी जातात.

अरुंद स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घ्या, एकेक चाक चढवत. पावसाळा संपला की प्रेशरने पोट धुवून घ्या, पण फवारा केशरी केबलच्या जोडांवर आणि पॅकच्या हवेच्या छिद्रावर थेट मारू देऊ नका. गंजरोधक काळा लेप मारून घेणार असाल तर आधी सांगा: ते छिद्र, तांब्याची पट्टी आणि बोल्टांची डोकी झाकून मगच मारायचा. छिद्र बुजलं तर पॅकच्या आत-बाहेरचा दाब सारखा राहत नाही, आणि लेपाखाली गेलेली रेघ किंवा लाल भुकटी कुणालाच दिसत नाही. मडफ्लॅपसाठी किंवा वायर नेण्यासाठी फरशीला ड्रिल मारू देऊ नका. स्क्रू कुठे निघेल ते वरून कळत नाही.

खालून जोरात लागलं तर त्याच दिवशी फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि विमा कंपनीला कळवा. लागल्यानंतर तशीच गाडी चालवून जे नुकसान वाढतं त्याची भरपाई नाकारली जाऊ शकते.

बाईंची गाडी मागच्या महिन्यात अलाइनमेंटला आली होती. रबरी ठोकळे ठेवून उचलली, टॉर्च मारली. डाव्या बाजूच्या मधल्या बोल्टवरची पिवळी रेघ सरळ होती. वायसरच्या कडेला बोट फिरवलं, बोटाला नुसती जांभ्याची माती लागली, कणीदार.